जुना एक, नवा एक : मराठी सिनेमा नीट पाहायचा तर

मराठी सिनेमा शुक्रवारी लागतो आणि पुढच्या शुक्रवारी तो कुठे चालू आहे हे शोधावं लागतं. समीक्षक ज्यांचं नाव आदरानं घेतात ते ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘सामना’, ‘सिंहासन’ सगळ्यांना ऐकून माहीत असतात, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेले लोक फार थोडे भेटतात. नव्या सिनेमाला वेळ मिळत नाही आणि जुन्याला धड प्रत मिळत नाही. या दोन अडचणींवर एकच उपाय लागू पडतो, तो म्हणजे ठरवून पाहणं.

मी सांगतो ती रीत साधी आहे. महिन्याला दोन सिनेमे घ्या. एक नवा, थिएटरात, पहिल्या तीन दिवसांत. दुसरा जुना, सवडीनं, पण चांगल्या प्रतीवर आणि एका बैठकीत. शक्य असेल तेव्हा या दोघांची जोडी लावा, म्हणजे विषय किंवा माणसं किंवा जागा यांचा काहीतरी धागा जुळवा. जुना सिनेमा पाहिलेल्या माणसाला नव्यात काय नवं आहे ते कळतं, आणि नव्याची सवय असलेल्या माणसाला जुन्यातलं धाडस दिसतं. एकेकटे पाहिले तर दोन्ही अर्धेच हाती लागतात असं माझं ठाम मत आहे.

आधी नव्या सिनेमाचं गणित

सिनेमा चांगला असेल तर टिकेलच, आपण दुसऱ्या आठवड्यात जाऊ, असं म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा समजून घ्यावं.

मल्टिप्लेक्समध्ये पुढच्या आठवड्याचे खेळ साधारण बुधवार-गुरुवारी ठरतात, आणि ते ठरवताना समोर असतात शुक्रवार, शनिवार, रविवारचे आकडे. किती खुर्च्या भरल्या, सोमवारी किती गळती झाली, एवढंच पाहिलं जातं. सोमवारी प्रेक्षक कमी होतातच, पण शुक्रवारच्या मानानं फार कमी झाले नाहीत तर लोक एकमेकांना सांगताहेत असं समजलं जातं आणि खेळ टिकतात. नाहीतर दुसऱ्या शुक्रवारी उरतो सकाळी दहाचा एक खेळ, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला. मग नोकरदार माणूस जाऊ शकत नाही, खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि तेच कारण दाखवून तो खेळही निघतो.

पैशाची वाटणीही पहिल्या आठवड्यालाच झुकते माप देते. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा संप झाला. त्यानंतर ठरलेल्या सूत्रानुसार पहिल्या आठवड्याच्या निव्वळ उत्पन्नातले ५० टक्के वितरकाला, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० टक्के, अशी उतरती भाजणी झाली. म्हणजे तेच तिकीट तुम्ही तिसऱ्या आठवड्यात काढलंत तर सिनेमा करणाऱ्याच्या हाती कमी जातं. मराठीत व्यवहार सिनेमागणिक बदलतात, पण कल असाच.

सरकारी नियम आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. महाराष्ट्रात मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमे दाखवणं बंधनकारक आहे, आणि २०१५ साली त्यासाठी दुपारी १२ ते रात्री ९ ही वेळ धरली गेली. नियमामुळे पडदा मिळतो, खुर्च्या मात्र आपण भरायच्या. शिवाय मराठी सिनेमांची टक्कर बऱ्याचदा मराठीशीच असते. १२ सप्टेंबर २०२५ या एकाच दिवशी ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ असे तीन मराठी सिनेमे लागले. अशा आठवड्यात तिन्ही पाहणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून कोणता आधी पाहायचा हे आधीच ठरलेलं हवं.

तोंडी प्रसिद्धीनं चित्र पालटतं, हेही खरं. ३० जून २०२३ला आलेला ‘बाईपण भारी देवा’ बायकांच्या गटांनी उचलून धरला. भिशीच्या, सोसायटीच्या, शाळेच्या मैत्रिणींच्या गटांनी एकदम पंधरा-वीस तिकिटं काढली आणि खेळ वाढत गेले. पण त्यातही सुरुवात कुणीतरी पहिल्या आठवड्यात केली होती.

शुक्रवार यायच्या आधी

पहिलं काम, पुढच्या महिन्यात काय लागतंय याची यादी करा. तिकीट बुकिंगच्या ॲपमध्ये ‘येणारे चित्रपट’ हा भाग असतो, तिथे भाषा मराठी निवडा. निर्मिती संस्थांची आणि दिग्दर्शकांची समाजमाध्यमांवरची पानं पाहत राहा. मराठी सिनेमांच्या तारखा शेवटच्या घटकेला पुढे-मागे होतात, म्हणून सोमवारी एकदा खात्री करा आणि बुधवारी खेळांच्या वेळा पाहा.

दुसरं, ट्रेलर एकदाच पाहा. दोन-अडीच मिनिटांत हल्ली अर्धी गोष्ट सांगून टाकतात. ट्रेलरमध्ये मी दोनच गोष्टी पाहतो : माणसं एकमेकांशी कशी बोलतात आणि कॅमेरा कुणाकडे पाहतो. संवाद खरे वाटले तर बाकीचं माफ करता येतं. पोस्टरवरच्या नावांत मात्र अभिनेत्यांच्या खालच्या ओळी वाचा. लेखक कोण, छायाचित्रण कुणाचं, संकलन कुणाचं हे दोन-तीन वर्षं नोंदवत गेलात तर तुमची निवड ताऱ्यांच्या मदतीशिवाय होऊ लागते.

तिसरं, मुलांना न्यायचं असेल तर सेन्सॉरचा वर्ग पाहा. नोव्हेंबर २०२४पासून ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीत पाहायच्या वर्गाचे, तीन भाग झाले आहेत : ७+, १३+ आणि १६+. हे आकडे पालकांच्या माहितीसाठी आहेत. ‘ए’ असेल तर १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, तिथे दारात वाद घालू नये.

समीक्षा या टप्प्यावर वाचूच नका, किंवा फक्त पहिला परिच्छेद वाचा. तारे मोजून सिनेमा निवडण्याची सवय सोडली तर बरं. साडेतीन तारे म्हणजे नेमकं काय, हे तारे देणाऱ्यालाही दर वेळी सांगता येत नाही. त्याऐवजी एक-दोन समीक्षक निवडा आणि वर्षभर त्यांचंच वाचा. त्यांच्या आवडीनिवडी तुम्हाला कळल्या की ‘यांना हे आवडलं नाही म्हणजे मला बहुधा आवडेल’ हासुद्धा उपयोगी निष्कर्ष ठरतो.

तिकीट, वेळ, खुर्ची

आगाऊ तिकीट काढा. मराठी सिनेमाच्या बाबतीत हा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण ॲपवर एकही तिकीट न गेलेला खेळ ऐन वेळी रद्द होऊ शकतो. चार माणसांनी आदल्या रात्री बुकिंग केलं तर खेळ वाचतो.

खर्चाचंही बघावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यापुढच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. सकाळचे खेळ स्वस्त असतात, काही साखळ्यांत मंगळवारी सवलत असते, आणि एकपडदा थिएटरांत बाल्कनीसुद्धा मल्टिप्लेक्सच्या निम्म्यात मिळते. ॲपवरचं सुविधा शुल्क टाळायचं असेल तर तिकीटबारीवर जा. पाच-सहा जण असाल तर त्या शुल्कात चहा होतो.

खुर्ची निवडताना पडद्यापासून मागे जात दोन-तृतीयांश अंतरावरची, मधली रांग घ्या. ध्वनी तिथेच नीट जुळलेला असतो. अगदी शेवटच्या रांगेत मागच्या भिंतीजवळचे स्पीकर कानात बसतात.

चित्र अंधूक किंवा किंचित धूसर दिसलं, आवाज दबलेला वाटला तर पहिल्या पाच मिनिटांत बाहेर जाऊन सांगा. बहुतेक लोक गप्प बसतात आणि मग सिनेमालाच नावं ठेवतात. शेवटी येणारी नावं संपेपर्यंत बसा. मराठी सिनेमात श्रेयनामावलीत गावांचे आभार मानलेले असतात, आणि सिनेमा कुठे चित्रित झाला हे तिथेच कळतं.

जुन्यात शिरायचं कुठून

‘सगळ्यात जुन्यापासून क्रमानं’ ही कल्पना दिसायला छान, पण तिनं माणूस दुसऱ्या सिनेमालाच थकतो. माझा क्रम वेगळा आहे. १९७५च्या आसपास सुरुवात करा, तिथून मागे जा आणि मग पुढे या.

पहिला ‘सामना’. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची पटकथा, निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर. १९७५ साली हा बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. साखर कारखान्याच्या जोरावर पंचक्रोशी चालवणारा हिंदूराव धोंडे पाटील आणि कुठूनसा भरकटत आलेला दारुडा मास्तर. मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो, ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ त्या एका प्रश्नानं सिनेमा पुढे सरकतो. निळू फुल्यांचा हिंदूराव आरडाओरडा करत नाही, पाहुणचार करतो, गाडीतून फिरवतो, आपलं साम्राज्य दाखवतो, आणि त्या अगत्यातूनच त्याची दहशत कळते. आजच्या प्रेक्षकाला हा सिनेमा समजायला कसलीच तयारी लागत नाही.

दुसरा ‘सिंहासन’. पुन्हा पटेल आणि तेंडुलकर, आधार अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांचा. इथे निळू फुले पत्रकार दिगू टिपणीस आहेत आणि अरुण सरनाईक मुख्यमंत्री. दोन्ही सिनेमे लागोपाठच्या महिन्यांत पाहिले तर एकाच नटाची दोन टोकं दिसतात : गावाला मुठीत ठेवणारा माणूस आणि सत्तेचा खेळ कडेला उभा राहून बघणारा माणूस.

मग मागे जा, ‘प्रभात’कडे. १ जून १९२९ला कोल्हापुरात सुरू झालेली, १९३३ साली पुण्यात आलेली ही कंपनी. तिच्या स्टुडिओच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथे आधी ‘कुंकू’ (१९३७), मग ‘संत तुकाराम’ (१९३६), मग ‘माणूस’ (१९३९). त्यानंतर ‘श्यामची आई’, ‘जैत रे जैत’, ‘उंबरठा’ आणि २००४चा ‘श्वास’. इतके झाले की पुढची वाट तुमची तुम्हाला सापडते.

प्रत तपासा : इथे घाई नको

जुना सिनेमा कंटाळवाणा वाटला असं सांगणाऱ्या बहुतेकांनी सिनेमाची वाईट प्रत पाहिलेली असते. म्हणून या पायरीवर अर्धा तास खर्च करा.

‘प्रभात’च्या काळातली फिल्म नायट्रेटची, म्हणजे भुरकन पेट घेणारी. जानेवारी २००३मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या स्टुडिओंच्या अनेक मूळ फिती गेल्या. त्याआधी काढून ठेवलेल्या नकला, त्यांच्या नकला, टीव्हीसाठी केलेल्या टेप, त्यावरून केलेल्या सीडी, अशा पिढ्या उतरत एखादी प्रत यूट्यूबवर येते. दर उतरणीला चित्रातला बारकावा आणि आवाजातली धार कमी होते. म्हणून शोधताना हक्कधारकांनी किंवा मान्यताप्राप्त संस्थेनं स्वतः टाकलेली प्रत आधी पाहा.

प्रत हाती आली की या गोष्टी बघा.

लांबी. ‘संत तुकाराम’ सव्वादोन तासांच्या आतबाहेरचा आहे, ‘कुंकू’ अडीच तासांहून मोठा. समोरची प्रत दीड तासाची असेल तर कुणीतरी कात्री लावली आहे, ती सोडून द्या.

भाषा. ‘प्रभात’ एकच सिनेमा मराठी आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित करत असे. ‘कुंकू’चा हिंदी अवतार ‘दुनिया न माने’, ‘माणूस’चा ‘आदमी’, ‘शेजारी’चा ‘पडोसी’. हे डब केलेले नाहीत, प्रसंग पुन्हा उभे केलेले आहेत, काही ठिकाणी नटही वेगळे. ‘पडोसी’त हिंदू शेजारी मझहर खान यांनी रंगवला आणि मुसलमान शेजारी गजानन जागीरदारांनी, आणि तो निर्णय १९४१ सालचा आहे. मराठी आधी पाहा, आवडला तर हिंदीही पाहा. पण मराठी समजून हिंदी लावू नका, नावाच्या पाटीवर खात्री करा.

चौकट. हे सगळ्यात महत्त्वाचं. त्या काळचं चित्र जवळपास चौकोनी असतं, रुंदी उंचीच्या सव्वा-दीडपटीच्या दरम्यान. आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायला हव्यात. त्या दिसत नसतील तर एकतर चित्र ताणलं आहे किंवा वरून-खालून कापलं आहे. ओळखायचं कसं? ‘कुंकू’त काकासाहेबांच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ येतं तेव्हा थांबा. तबकडी गोल दिसली तर प्रत ठीक. आडवी, लंबगोल दिसली तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार ‘मूळ’ किंवा ४:३ करा. तरीही ती आडवीच राहिली तर प्रतच ताणलेली आहे, दुसरी शोधा. घड्याळ म्हाताऱ्या नवऱ्याच्या आयुष्याशी बांधलेलं आहे, सिनेमाभर ते टिकटिकतं, आणि ते वाकडं दिसलं तर दिग्दर्शकानं मांडलेली अर्धी गोष्ट निसटते.

टीव्हीची गुळगुळीत हालचाल. नव्या टीव्हीत सिनेमाच्या चौकटींच्या (फ्रेम्सच्या) मध्ये कृत्रिम चौकटी घुसवणारी सोय चालू करूनच देतात. एलजीत ती ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’, सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ अशा नावांनी असते. बंद करा. सिनेमा सेकंदाला चोवीस चौकटींचा आहे, तसाच दिसू द्या. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर एका बटणात काम होतं. रंग आणि धार वाढवणाऱ्या सोयीही बंद ठेवा, कृष्णधवल चित्रातले करडे रंग त्यांनी मरतात.

आवाज. टीव्हीच्या चपट्या स्पीकरमधून १९३०च्या दशकातला संवाद अर्धाच कळतो. साधे वायरचे हेडफोन लावले तरी फरक पडतो. मराठी असूनही इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवायला संकोच करू नका, निसटलेला शब्द पकडता येतो.

पाहताना

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि एका बैठकीत पाहा. मध्यंतर घ्यायचं असेल तर एकदाच.

पहिली वीस मिनिटं बोलण्याची ढब कानाला खटकेल. त्या पिढीतले नट संगीत रंगभूमीवरून आले होते. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची त्यांची सवय पडद्यावरही दिसते. वीस मिनिटांनी कान सरावतो, म्हणून तेवढा वेळ द्याच, आणि त्या वेळात डोळ्यांना काम द्या.

‘कुंकू’चंच बघा. शांता आपट्यांची नीरा फसवून एका म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधली जाते आणि त्याला नवरा मानायला नकार देते. १९३७ साली. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे आहेत. त्यामुळे नीरा गप्प बसते तेव्हा आपल्याला काय वाटावं हे सांगायला व्हायोलिन धावून येत नाही, आणि ती शांतता आपल्याच अंगावर येते. केशवराव दाते यांचा काकासाहेब खलनायक नाही, आणि हळूहळू त्याला आपण काय केलंय ते कळत जातं. ते ‘कळत जाणं’ त्यांच्या खांद्यांत बघा. काकासाहेबांची विधवा मुलगी शकुंतला परांजपे यांनी केली आहे, ज्यांनी पुढे कुटुंबनियोजनाच्या कामाला आयुष्य दिलं.

‘संत तुकाराम’ पाहताना नजर जिजाईवर ठेवा. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम इतका खरा झाला की लोक त्यांनाच तुकाराम समजू लागले हे सगळे सांगतात, पण माझ्या मते दामले-फत्तेलालांच्या या सिनेमाचं काळीज गौरी यांची जिजाई आहे. घरात दाणा नाही, पोरगं आजारी, नवरा भजनात. ती चिडून देवळात जाते आणि पायातली वहाण काढून थेट विठोबाला जाब विचारते. भक्तिपटाच्या मधोमध देवाशी भांडणारी बाई उभी आहे आणि सिनेमा तिला चूक ठरवत नाही. १९३७च्या व्हेनिस महोत्सवात जगातल्या तीन उत्तम सिनेमांत याची गणना झाली. ‘आधी बीज एकले’ हे पद शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलं, पण पुष्कळांना आजही तो तुकोबांचाच अभंग वाटतो.

सिनेमा संपल्यावर लगेच इंटरनेट उघडू नका. त्याच रात्री वहीत चार ओळी लिहा : लक्षात राहिलेली एक चौकट, एक आवाज, न पटलेली एक गोष्ट. ही वही पुढच्या पायरीला लागते.

जोड्या लावा

सगळ्यात सोपी जोडी ‘श्यामची आई’ची. आचार्य अत्र्यांचा १९५३चा, वनमाला आणि माधव वझे यांचा. १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलं सुवर्णपदक यालाच मिळालं. आणि सुजय डहाके यांचा २०२३चा, तोही मुद्दाम कृष्णधवल केलेला, ज्याला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्हींच्या मुळाशी साने गुरुजींचं एकच पुस्तक आहे. दोन्हींत एखादा प्रसंग निवडा आणि बघा : आई बोलते तेव्हा कॅमेरा आईच्या तोंडावर आहे की श्यामच्या? मध्ये सत्तर वर्षं गेली आहेत, आणि आईकडे बघायची आपली नजर किती बदलली हे त्यावरून कळतं.

‘संत तुकाराम’च्या जोडीला चंद्रकांत कुलकर्णींचा २०१२चा ‘तुकाराम’ घ्या. जितेंद्र जोशींचा तुकाराम माणूस आहे, त्याचं बालपण आहे, दुष्काळ आहे. चमत्कारांचं काय करायचं हा प्रश्न दोन्ही सिनेमांसमोर होता, आणि दोघांची उत्तरं वेगळी आहेत.

‘जैत रे जैत’ (१९७७) आणि ‘दशावतार’ (२०२५) ही माझी आवडती जोडी. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरच्या पहिल्यात ठाकरांची वस्ती, लिंगोबाचा डोंगर, मधमाश्यांशी वैर धरलेला नाग्या आणि त्याच्या मागे उभी चिंधी, म्हणजे मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत गोष्ट पुढे नेतं, अधूनमधून विसावा म्हणून येत नाही. दुसऱ्यात कोकणातला म्हातारा दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री, दिलीप प्रभावळकरांनी केलेला. दोन्हींत माणूस, जंगल आणि देव यांचं नातं आहे. जंगल पहिल्यात कसं दिसतं आणि दुसऱ्यात कसं, याच्या नोंदी समोरासमोर लिहून बघा.

‘सामना’नंतर नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ पाहिलात तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. ‘सामना’त मारुती कांबळेबद्दल इतर लोक बोलतात. ‘फँड्री’त कॅमेरा जब्या या मुलाच्या घरात राहतो. डुक्कर पकडायची धावपळ चालू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, आणि डुक्कर समोरून निघून जातं. मग चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ पाहा, २०१४ साली व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळवलेला आणि एप्रिल २०१५मध्ये थिएटरांत आलेला. तिथे कॅमेरा लांब उभा राहतो, बहुतेकदा हलतच नाही, आणि न्यायालयाचं कामकाज आपण बाकावर बसल्यासारखं पाहतो. तिन्ही सिनेमे अन्यायाबद्दल आहेत, पण कॅमेरा कुठे ठेवायचा याबद्दल तिघांची मतं निराळी.

जोडी जुळली नाही तरी अडून बसू नका. नवा सिनेमा पाहून आल्यावर त्यातला एक धागा धरून जुना शोधणं हे उलट दिशेचं कामही तितकंच फलदायी आहे. लग्नाबद्दलचा कोणताही नवा सिनेमा असू द्या, त्याच्याशी बोलायला ‘कुंकू’ आणि ‘उंबरठा’ तयार असतात.

समीक्षा वाचायची वेळ आता आली. दोन्ही सिनेमे पाहून, वहीत लिहून झाल्यावर दोन समीक्षा वाचा, त्यांतली एक तुमच्या मताविरुद्धची. समीक्षकानं पाहिलेलं पण तुमच्या नजरेतून सुटलेलं काय, एवढंच शोधा. आणि त्याला न दिसलेलं तुम्हाला दिसलं असेल तर तेही नोंदवा, असं पुष्कळदा होतं.

जुना सिनेमा मोठ्या पडद्यावर

घरी कितीही नीट पाहिलं तरी ‘संत तुकाराम’ भरल्या प्रेक्षागृहात पाहणं निराळं. त्यासाठी तीन वाटा आहेत.

पहिली फिल्म सोसायटी. मुंबईत १९६८ साली सुरू झालेलं प्रभात चित्र मंडळ, पुण्यात आशय फिल्म क्लब, आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी छोटे-मोठे क्लब आहेत. वार्षिक वर्गणी असते, वय अठरा पूर्ण लागतं. सिनेमानंतरच्या चर्चेला थांबा, पहिले काही दिवस नुसतं ऐकलंत तरी चालेल. पुण्यातल्यांना राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहेच. १९६४ साली सुरू झालेली, पी. के. नायर यांनी उभी केलेली ही संस्था २०२२मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. तिच्या खेळांच्या घोषणांवर लक्ष ठेवा.

दुसरी वाट पुनर्प्रदर्शनाची. ‘पिंजरा’ डिजिटल रूपात २०१६ साली पुन्हा थिएटरांत आला. हिंदीत ‘तुंबाड’नं २०२४च्या दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीपेक्षा जास्त गल्ला जमवला, तेव्हापासून वितरकांची भीड चेपली आहे. जाहिरातीत मूळ निगेटिव्ह किंवा जुन्या प्रिंटवरून जतनकाम केल्याचा आणि ते कुणी केलं याचा उल्लेख शोधा. नुसतंच ‘फोर के’ लिहिलं असेल तर टीव्हीची प्रत फुगवलेली असू शकते. पुनर्प्रदर्शनाचे खेळ दोन-तीन दिवसच टिकतात, त्यामुळे इथे नव्या सिनेमापेक्षाही घाई करायची.

तिसरी वाट महोत्सवांची. पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, जानेवारीच्या सुमारास होतो. तिथे मराठी सिनेमांची वेगळी स्पर्धा असते आणि सर्वोत्कृष्ट मराठी सिनेमाचा पुरस्कार ‘संत तुकारामां’च्या नावानं आहे. गोव्यात इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४पासून पणजीला, बहुधा नोव्हेंबरात असतो आणि त्याच्या भारतीय पॅनोरमा या भारतीय सिनेमांच्या विभागात मराठी सिनेमे दिसतात. थिएटरात लागायच्या आधीच एखादा सिनेमा इथे गाठता येतो. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवातून मोठा पुरस्कार घेऊन आला आणि भारतात थिएटरांत लागला सप्टेंबरात. मधल्या आठ महिन्यांत तो पाहायची संधी महोत्सवांतच होती.

महोत्सवाला जायचं तर प्रतिनिधी नोंदणी सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच करा, उशीर झाला की शुल्क वाढतं किंवा जागा संपतात. दिवसाला तीन सिनेमे पुरेत, चौथा डोक्यात शिरत नाही. जगभरातलं जुनं काही दाखवत असतील, तर नव्याच्या रांगेतून बाहेर पडून तिकडे जा, कारण नवा पुढे कुठेतरी दिसेल. मराठी सिनेमाचा खेळ असेल तर अर्धा तास आधी रांगेत उभे राहा. दिग्दर्शक बहुधा हजर असतो आणि खेळानंतर प्रश्न घेतो. त्या वेळी ‘हा सिनेमा थिएटरात कधी लागणार’ हा प्रश्न जरूर विचारा आणि तारीख कळली की वहीत लिहून ठेवा.

परदेशातल्या मराठी माणसांना तिथल्या महाराष्ट्र मंडळांच्या शनिवार-रविवारच्या एकेका खेळावर अवलंबून राहावं लागतं. तिथे स्वयंसेवकांना आधी किती तिकिटं जातील याची खात्री हवी असते. मंडळाच्या यादीत नाव घाला, विचारणा आली की त्याच दिवशी होकार कळवा, आणि नव्या सिनेमाच्या जोडीला वर्षातून एखादा जुना लावायची सूचना लेखी द्या. चार-पाच कुटुंबांनी मिळून दिली तर ती विचारात घेतली जाते.